सुट्टीच्या दिवशी उघडी चक्की

दुकानात आपल्याला कुणी ओळखू नये यातही एक सुख असतं, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी ते मोठं दुकान उघडलं तेव्हा मी त्याला यथेच्छ नावं ठेवली होती. देशभर एकच पाटी, एकच गणवेश, एकच गारवा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आत पाऊल टाकलं की घाम जागच्या जागी वाळतो आणि उगाच शिंक येते. बायको म्हणायची, "तिथे जाऊन काय करायचं? डाळ हातात घेता येत नाही, वास घेता येत नाही. सगळं प्लास्टिकच्या आत, नुसतं बघत राहा." मी तिच्या होला हो म्हणत असे. मग ती गेली, आणि मी त्या दुकानाचं नेमाचं गिऱ्हाईक झालो.

ती गेली ते इथे नव्हे. उपचारांसाठी मुलीकडे बंगळुरूला नेली होती, तिथेच उन्हाळ्यात सगळं संपलं. दिवसवार उरकून मी ग्वाल्हेरला परतलो तो एकटा. मुलगी म्हणाली होती, इथेच राहा. पण तिच्या चौदाव्या मजल्यावर मला सारखं पाहुणा असल्यासारखं वाटायचं, आणि पाहुण्याने वेळेवर निघावं असं आमच्या आईने शिकवलेलं. परत आलो तर इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. मयताला कुणी आलं नव्हतं, गल्लीतून काही निघालं नव्हतं. त्यामुळे बातमी सांगण्याचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्यांदा भाजीवाल्याने विचारलं, "भाभीजी नहीं दिखतीं आजकल?" मी सांगितलं. त्याने तराजू खाली ठेवला, काय झालं, कधी झालं, कुठल्या डॉक्टरला दाखवलं सगळं विचारलं, मग स्वतःच्या मेव्हण्याचं असंच कसं झालं ते सांगितलं, आणि शेवटी दुधी भोपळा तसाच पिशवीत घातला, पैसे घेईना. दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात. तिसऱ्यांदा दूधवाल्याला. माणसं चांगलीच होती, त्यात त्यांचा दोष काही नाही. पण दर वेळी ते वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे तिला पुन्हा एकदा नेऊन ठेवल्यासारखं व्हायचं. चौथ्यांदा माझ्याने झालं नाही. मी रस्ता बदलला आणि त्या थंडगार दुकानात शिरलो.

तिथे मला दोनच प्रश्न विचारत. काउंटरवरची मुलगी मान खाली घालूनच म्हणायची, "सर, मोबाइल नंबर?" आणि मग, "कैरी बैग चाहिए?" दोन्हींची उत्तरं मला येत होती. कणकेची पिशवी, डाळीचं पाकीट, तयार पोळ्या, एकट्या माणसापुरती चौकोनी डबीतली भाजी. कितीतरी दिवस असे गेले की सकाळपासून झोपेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं असेल तर ती मुलगी, तीही एवढंच. मी याला शांतता म्हणायचो. नाव दिलं की गोष्ट सोसते.

पण सगळ्यांत जास्त तोंड चुकवायचं होतं ते चक्कीवाल्यापासून.

महाराष्ट्रातले लोक गिरणी म्हणतात, आम्ही चक्की म्हणतो. आमच्या मराठीला पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत. आमचे पणजोबा इथे फौजेतून आले असं घरात सांगत. मी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढत निवृत्त झालो. लग्नानंतरची तीस वर्षं आम्ही जुन्या शहरात, गोरखीच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. तिथून नई सडककडे जाताना एका बोळात ती चक्की. खाली चक्की, वर चक्कीवाल्याचं घर. भुवया, मिशा, कानातले केस, सगळं पिठाने पांढरं, त्यामुळे तो तरुण असतानाही म्हातारा दिसायचा आणि पुढे खरोखर म्हातारा झाला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

या चक्कीची एक रीत होती. चकलीची भाजणी गव्हावर दळून चालत नाही. दगडात गव्हाचं पीठ राहिलेलं असेल तर ते भाजणीत येतं आणि चकली मऊ पडते, असं आमच्या बायका म्हणत. आधी हरभऱ्याची डाळ दळलेली हवी, तिच्यावर भाजणी. आता दिवसभर गहू दळणाऱ्या माणसाने हे कसं जमवायचं? तर दिवाळीच्या अगोदरची जी आठवड्याची सुट्टी असेल, त्या दिवशी तो फक्त मराठी घरांसाठी चक्की उघडायचा. आदल्या संध्याकाळी दगड उघडून ब्रशने घासायचा. सकाळी पहिल्यांदा घरची दोन किलो डाळ दळायचा, मग ओळीने चकलीच्या भाजण्या, आणि थालीपिठाची भाजणी सर्वांत शेवटी, कारण तिच्यात गहू असतात. हा क्रम त्याच्या बापाला कुणी मराठी बाईने शिकवला होता म्हणे. तो त्याला "मराठी लोगों का दिन" म्हणायचा आणि बायका नुसतं "आपला दिवस" म्हणत.

त्या दिवशी बोळाच्या वळणापर्यंत डब्यांची रांग लागायची. आमच्या डब्याच्या कडीला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असे, अदलाबदल होऊ नये म्हणून. एरवी दळण आणणं माझं काम, पण त्या दिवशी मला मनाई. "तुम्ही राहू द्या, मी स्वतः जाईन. तुम्ही गहूवाल्याच्या मागे नंबर लावून याल." असा माझा लौकिक. मग ती जी सकाळी जायची ती दुपारी जेवणाच्या वेळेला पिठाने माखून, बोलून बोलून घसा बसवून परत यायची.

आठ वर्षांपूर्वी आम्ही शहराबाहेरच्या या कॉलनीत फ्लॅट घेतला. इथे जवळच दुसरी चक्की होती, पण बायको ऐकेना. "आपला दिवस" आला की मी स्कूटर काढायची, डबा पायाशी ठेवायचा, ती मागे बसायची आणि पूर्ण शहर ओलांडून आम्ही त्या बोळात. तोवर रांग आटली होती. कुणाची मुलं पुण्याला, कुणाची परदेशी, आणि जी इथे राहिली ती पाकीट आणू लागली. आधी दहा डबे, मग पाच. शेवटच्या वर्षी दोन. आमचा आणि एका वकिलांच्या घरचा. ते वकीलही त्यानंतर इंदूरला गेले.

त्या शेवटच्या वर्षी मी बोळात स्कूटरवर बसून होतो, त्यामुळे तिचं आणि चक्कीवाल्याचं बोलणं मी ऐकलं. चक्कीवाला म्हणाला, "बाईसाब, दो डिब्बों के लिए छुट्टी ख़राब होती है. सब लोग तो पैकेट ले आते हैं."

ती म्हणाली, "बाकी लोग जाएँ जहाँ जाना है. जब तक मैं हूँ, आप बंद मत करना. मैं कहीं नहीं जाने वाली."

तो हसून म्हणाला, "आप हैं तो हम भी हैं."

तिचं हिंदी असं काही फार गोड नव्हतं, पण शब्द दिला की दिला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली.

पहिल्या दिवाळीला तो दिवस मला बरोबर ठाऊक होता. सकाळी उठलो, दाढी केली, स्कूटरची किल्लीही हातात घेतली. तिथे जाऊन ते वाक्य बोलायचं एवढंच काम होतं. मी किल्ली परत खुंटीला अडकवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चकल्यांचं पाकीट आणलं. सगळ्या चकल्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. देवापुढे दोन ठेवल्या आणि उरलेल्या महिनाभर मऊ होत पडल्या. पोस्टमनने एकदा हात लावला, पुन्हा नाही.

मग या वर्षीचा नोव्हेंबर आला. दिवाळी यंदा उशिरा, अजून व्हायची होती. पेन्शनरांना नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत याचा दाखला बँकेत द्यावा लागतो. माझी बँक अजून जुन्या शहरात, महाराज बाड्याच्या चौकात आहे, बदलायचा कंटाळा. जाताना वाटेत त्या दुकानातून थोडं सामान घेतलं आणि त्यांची ती भडक पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली. बँकेत मशीनवर अंगठा ठेवला. मशीनला तीन वेळा माझी खात्री पटली नाही. चौथ्यांदा तिथल्या मुलाने माझा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मी जिवंत ठरलो.

बाहेर आलो तर स्कूटरजवळ चक्कीवाला उभा. हातात चक्कीचा नवा पट्टा गुंडाळलेला, अंगावर धुतलेला शर्ट. बिनपिठाचा तो मला एकदम ओळखूच आला नाही. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता, पिशवीकडे बघत होता.

"राम राम भाईसाब," तो म्हणाला. "बाईसाब को भी वहीं का आटा भा गया?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं, असं मनात आलंही. पण बाड्यावर गर्दी होती, ई-रिक्षावाले ओरडत होते, आणि तो थांबलाच नाही.

"पिछली दिवाली हमने पत्थर साफ़ किए, दाल पीसी, एक बजे तक बैठे रहे. घरवाली बोली, कोई नहीं आएगा. हमने कहा, बाईसाब आएँगी, उन्होंने बोला है." तो पट्टा या हातातून त्या हातात घेत होता. "आदमी कहीं भी जाए, उसकी मर्ज़ी. पर कहलवा देतीं, तो हमें बुरा नहीं लगता. इतने साल का आना-जाना था. उनसे कहिएगा, अब की बार हम छुट्टी मनाएँगे."

आणि मी म्हणालो, "कह दूँगा."

तो गेला. मी तिथेच स्कूटरला धरून उभा राहिलो. नुकताच सरकारदरबारी जिवंत ठरलेला माणूस मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. कह दूँगा म्हणे. कुणाला कहणार होतो मी?

घरी येऊन ती पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच दोन दिवस राहू दिली. इतके महिने मी समजत होतो की माझं गप्प राहणं माझ्यापुरतं आहे, त्याचा कुणाला काही तोटा नाही. इकडे एक माणूस वर्षभर तिच्यावर रुसून बसला होता. जी बाई एका भाजणीसाठी अर्धं शहर ओलांडायची, ती पाकिटाला भुलली, शब्द विसरली, निरोपसुद्धा धाडला नाही, असं तिच्या नावावर जमा झालं होतं. आणि तिला उत्तर द्यायला यायचं नव्हतं. मला माझी अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती हयात असताना कुणी तिला असं बोललं असतं, तर मी भांडायला गेलो असतो. आता बोलायला कारण मीच दिलं होतं.

सुट्टी परवावर आली होती. मी मुलीला फोन केला, आईची चकलीची भाजणी कशी असायची म्हणून विचारायला.

"बाबा, मला काय माहीत? मी तर फक्त खायचे. ऑनलाइन रेसिपी मिळेल ना. आणि तुम्ही एकटे करणार? मैं यहीं से मँगवा देती हूँ, परसों तक पहुँच जाएगा."

"पोहोचायचं मला आहे," मी म्हणालो. तिला ते कळलं नसावं. ती म्हणाली, "बाबा, जेवलात?"

तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मुगाची, उडदाची, धने, जिरं. एवढं मला आठवलं. सगळं त्याच दुकानातून आणलं, दुसरीकडे जायची हिंमत अजून नव्हती. कढई घेऊन भाजायला बसलो. उडदाची डाळ हातची गेली, काळी झाली, ती फेकून पुन्हा आणली. तांदूळ आधी धुऊन वाळवायचे असतात हे भाजल्यावर आठवलं. दुसरे घेऊन धुतले, पंख्याखाली धोतरावर पसरले. आयुष्यभर नदीचं पाणी कुठून कुठे न्यायचं ते कागदावर दाखवलं, पण घरात चार धान्यं कुठल्या क्रमाने भाजतात ते पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत डबा भरला. लाल लोकरीचा तुकडा कडीला होताच, तो मी सोडून पुन्हा बांधला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पोहोचलो तर चक्कीचं शटर बंद. त्याने सांगितलंच होतं. बोळात मी आणि डबा. मी वर बघून हाक मारली. तो गच्चीच्या कठड्यावरून वाकला, डबा ओळखला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. जिना उतरताना तो बोलतच होता, "आ गईं न, हमें मालूम था..." खाली आला आणि माझ्या मागे बोळात बघू लागला. तिथे कुणी नव्हतं.

"बाईसाब कहाँ हैं?"

"वह नहीं रहीं," मी म्हणालो. "पिछले साल, दिवाली से पहले की गर्मियों में. बेटी के यहाँ. वह कहीं और नहीं गईं, भाईसाब. वहाँ से आटा मैं लाता हूँ. आपको बताया नहीं, वह ग़लती भी मेरी है."

इतकं सलग बोलायची मला सवय राहिली नव्हती. तो पायरीवर बसला. मीही बसलो. कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते त्याने विचारलं नाही. म्हणाला, "तो साल भर हम किससे नाराज़ थे?"

"हमसे," मी म्हणालो. "हमसे रहिए."

त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. उठला आणि शटर वर केलं. दगड उघडले. ब्रश घेऊन तो ते घासू लागला, एका डब्यासाठी, जसे चाळीस डब्यांसाठी घासत असे तसेच, खाचाखाचांतून. वरून डाळ मागवली आणि दळली. चक्कीच्या आवाजात मला रडू आलं, ते त्याला ऐकू गेलं नसावं. मी रुमाल काढला तेव्हा तो पाठ करून पीठ झटकत होता.

डाळ संपली. त्याने आमचा डबा उघडला, मूठभर भाजणी हातावर घेतली, नाकाशी नेली, दोन दाणे दाताखाली धरले. आणि डबा परत माझ्याकडे सरकवला.

"यह उनकी नहीं है."

"मैंने भूनी है."

"वह तो दिख रहा है. पोहे कहाँ हैं? बाईसाब पोहे डालती थीं. हर साल ऊपर-ऊपर सफ़ेद दिखते थे." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ले आइए. घरवाली ऊपर भून देगी. हम खुला रखते हैं."

मी नई सडकवर आलो. कोपऱ्यावरचं किराणा दुकान तिथेच होतं, ती नेहमी चक्कीवरून परतताना जिथे थांबायची ते. पायरी तेवढीच उंच, चढताना गुडघा तसाच बोलला. दुकानदाराने चष्मा कपाळावर सारला.

"अरे, आइए, आइए. कितने दिन बाद. बाईसाब कैसी हैं?"

हा प्रश्न टाळायला मी दीड वर्ष पाकिटांवर काढलं होतं.

"वह नहीं रहीं," मी म्हणालो. "पाव किलो पोहे दीजिए."

त्याचा हात पोत्याच्या तोंडाशी थांबला. मग हळूच विचारलं, "पतले या मोटे?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मोटे," तो म्हणाला आणि पोतं उघडलं. "वह मोटे ले जाती थीं."